नावातला ळ

गेल्या मार्गशीर्षात आमच्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न भोपाळात झाले. निमंत्रणपत्रिका मराठीतच छापायची हा आग्रह आमचा. छापखाना हिंदी, जुळणी करणारा मुलगाही हिंदी. परंतु मोठा कामसू. त्याने मजकूर निष्ठेने उतरवला, कुलदैवतांची नावे चोख लावली, सहकुटुंब सहपरिवारालाही धक्का लावला नाही. फक्त जेथे जेथे ळ होता, तेथे तेथे ल केला. त्याला ती आमची हस्तदोषाची वेलांटी वाटली असावी. त्यामुळे विवाहाच्या वेळेची वेल झाली, सकाळचे सकाल झाले आणि आमच्या आडनावाचे जे व्हायचे तेच झाले. तीनशे पत्रिका बांधून घरी आल्या. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, लोकांना हॉल सापडला म्हणजे झालं.’’ आम्ही मात्र अडून बसलो. पत्रिका पुन्हा छापल्या गेल्या, दुसऱ्यांदा खर्च भावाने केला आणि तो काहीच बोलला नाही, ही गोष्ट आम्हाला त्या वेळी नव्हे, पण नंतर लागली.

एका अक्षरासाठी माणूस इतका का हटतो, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. ते अक्षर आमचे म्हणावे, तर ते आम्ही निवडलेले नाही. तो ध्वनी गोड म्हणावा, तर परप्रांतीयांच्या कानाला तो दगड घासल्यासारखा वाटतो, असे आम्हाला तोंडावर सांगितलेले आहे. तरीही आडनावातून तो गेला की आपल्याऐवजी दुसऱ्याच कोणा गृहस्थाला कोणी हाक मारीत आहे, असे वाटते. हा अभिमान, हट्ट, की यात काही न्यायाची बाजूही आहे?

ळ हे काही अगदीच पोरके अक्षर नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात, पहिल्याच ऋचेत ते हजर आहे. पुढे अभिजात संस्कृताने ते टाकले. मराठीने, गुजरातीने, ओडियाने आणि दक्षिणेकडील भाषांनी सांभाळले. गंमत अशी की आमच्या राज्यातल्या माळव्यात आणि निमाडात ते आजही खेडोपाडी बोलले जाते. लिहिताना मात्र तोच माळवी माणूस प्रमाण हिंदीच्या शिस्तीने ल लिहितो. ध्वनी जिवंत आहे, त्याची दप्तरी नोंद नाही, इतकेच. सरकारी चाकरीत आयुष्य काढल्यामुळे ही अवस्था आम्हाला फार परिचयाची वाटते.

आणि हे शहर? मराठीत आपण त्याला भोपाळ म्हणतो, येथली माणसे भोपाल म्हणतात. परमार राजा भोजाच्या नावावरून भोजपाल आणि त्यावरून भोपाल, अशी परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश झाला आणि नागपूरची राजधानी गेली, तेव्हा सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे ट्रंका बांधून येथे आली. आमचे वडील त्यांतले एक. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. नव्या राज्यात मराठी घरात राहिली, कचेरीतून गेली. आमच्या आईचे नाव लक्ष्मीच्या आवडत्या फुलावरून ठेवलेले. नागपूरला त्यात ळ होता. भोपाळच्या रेशनकार्डावर ल आला. शेजारणी तिला त्या ल-कारान्त नावापुढे बहनजी लावून हाक मारीत. वडिलांना ते खपत नसे. आई म्हणे, ‘‘रेशनला जाते ती ती, आणि देवाला फुलं वाहते ती मी. आमचं दोघींचं बरं चाललंय.’’ तिने या विषयाचा निकाल इतक्या लवकर लावला होता, तो आम्हाला साठी उलटली तरी लावता आलेला नाही.

नावातल्या ध्वनींची आवडनिवड ही आजकालच्या आईबापांची हौस आहे, असा समज आहे. तो खरा नाही. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव कसे असावे याचे अगदी तांत्रिक नियम आहेत : दोन किंवा चार अक्षरे असावीत, आरंभी घोष वर्ण असावा, मध्ये अंतस्थ म्हणजे य, र, ल, व यांपैकी एखादा असावा, नाव कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे. मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाची प्रयोजने सांगताना हाच विषय घेतला आहे आणि ते नाव शत्रूंमध्ये रूढ नसावे, अशी पुस्तीही जोडली आहे. अंतस्थांच्या त्या यादीत आमचा ळ नाही, हे खेदाने नमूद करतो. त्याच महाभाष्यात असुरांची कथा येते. शत्रूंना हाक मारताना त्यांनी र च्या जागी ल उच्चारला आणि ते पराभूत झाले. तरुणपणी ही कथा आम्ही कचेरीतल्या हिंदी मित्रांना मोठ्या उत्साहाने सांगत असू. एकाने शांतपणे विचारले, ‘‘पण असुरांना असुर कोणी ठरवले? ज्यांना र म्हणता येत होता त्यांनीच ना?’’ त्यानंतर ती कथा सांगणे आम्ही कमी केले.

नाव आणि नावाचा धनी यांचे नाते कशाचे, यावर आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. मीमांसकांना शब्दार्थसंबंध नित्य वाटे. नैयायिक त्याला संकेत म्हणत, ईश्वराच्या इच्छेने ठरलेला. मग प्रश्न आला की काल जन्मलेल्या पोराच्या नावाचे काय? तेथे ईश्वराची इच्छा कोठून आणायची? सतराव्या शतकातील विश्वनाथाने सिद्धान्तमुक्तावलीत त्याचे सुंदर उत्तर दिले आहे : अकराव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे अशी ईश्वराचीच आज्ञा असल्यामुळे, बाप जे नाव ठेवील त्यात ईश्वरेच्छा आलीच. म्हणजे बापाच्या कानाला जे बरे वाटले तेच ईश्वरालाही मान्य! तर्क म्हणून हे बिनतोड आहे. कोणाच्या कानाला, हा प्रश्न मात्र त्यात कोठेच उपस्थित होत नाही.

ग्रीकांकडे प्लेटोचा क्रॅटिलस नावाचा संवाद याच विषयावर आहे. क्रॅटिलस म्हणतो, नाव निसर्गतःच बरोबर किंवा चूक असते. आणि समोरच्या हर्मोजेनिसला बजावतो की सारे जग तुला हर्मोजेनिस म्हणत असले तरी ते तुझे नाव नव्हे. हर्मोजेनिस बिचारा म्हणतो, नाव म्हणजे केवळ ठराव. बदलले तर नवे नाव जुन्याइतकेच बरोबर. मध्ये सॉक्रेटिस एकेका ध्वनीचा स्वभाव सांगत सुटतो, र मध्ये गती आहे, ल मध्ये घसरगुंडी आहे, वगैरे. पुष्कळ वर्षे आम्ही स्वतःला क्रॅटिलसच्या पक्षाचे समजत होतो. पण हर्मोजेनिसने आपल्या मताला दिलेला दाखला एकदा नीट वाचला आणि थांबलो. तो म्हणतो, आपण आपल्या गुलामांची नावे नाही का बदलत? या दाखल्याकडे पुढे येऊ.

आधी आपल्या बाजूचा हिशेब तपासू. हिंदीवाले टिळकांचे तिलक करतात, ही आपली जुनी तक्रार. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसचे नाव मराठीत टिळक आणि हिंदीत तिलक असे लिहिलेले आढळते. लिपी एकच, माणूस एकच, अक्षरे दोन. पण आपण काय करतो? नेपाळी माणूस आपल्या देशाला नेपाल म्हणतो आणि आपण त्याला बिनदिक्कत ळ चिकटवून देतो. भोपाळचेही तेच. हिंदी माणूस जबलपुर लिहितो, आपण जबलपूर. कारण ग्रामनामाच्या शेवटचा पूर दीर्घ लिहावा, असा आपल्या शुद्धलेखनाचा नियम. तो नियम त्या गावाने केलेला नाही. इंदौरचे इंदूर, ग्वालियरचे ग्वाल्हेर. ज्याच्या घरात ळ नाही त्याच्या गळ्यात आपण तो घालतो, आणि आपला कोणी काढला की असुरांची कथा सांगतो.

माणसांच्या नावांत तर अधिकच घोळ. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरीस गेले, इंग्रजांच्या लेखणीतून आणि हिंदीच्या उच्चारातून सिंधिया झाले. ते घराणे स्वतः सिंधिया लिहिते. मराठी वृत्तपत्रे त्यांना आवर्जून शिंदे म्हणतात. येथे शुद्ध काय? मुळाशी प्रामाणिक राहायचे की धन्याच्या पसंतीशी? अहल्या हे संस्कृत रूप. पण इंदूरचे विद्यापीठ अहिल्या लिहिते, आणि २०२४ साली अहमदनगरचे नामांतर झाले तेही अहिल्यानगर असेच. व्याकरणाचा जाणकार कुरकुरतो, लोकांच्या तोंडी मात्र इ बसलेला आहे. आमचा कौल येथे लोकांच्या बाजूने आहे, आणि सिंधियांच्या बाबतीत धन्याच्या बाजूने. या दोहोंत एकवाक्यता नाही हे आम्हाला दिसते. भोपाळात तात्या टोप्यांच्या नावाने वसवलेल्या भागाचे तर मूळ नावच लोक विसरले; सारे शहर त्याला टी. टी. नगर म्हणते. १८५९ साली शिवपुरीस फाशी गेलेल्या पुरुषाची दोन इंग्रजी अक्षरे उरली. तेथे ट चा उच्चार तरी शाबूत आहे, यावर समाधान मानायचे.

आमच्या कचेरीत एक वरिष्ठ सहकारी होते, जुन्या भोपाळचे, घरी उर्दू बोलणारे. त्यांच्या नावातला एक वर्ण घशातून, घासून उच्चारायचा असे. तो आम्हाला साधत नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्ही साधण्याचा प्रयत्नही केला नाही. अकरा वर्षे आम्ही त्यांना साध्या ग ने हाक मारली. उलट त्यांनी मात्र आमचा ळ शिकण्याचा चंगच बांधला होता. ळ म्हणायला जात आणि ड़ होई. मग हसत आणि पुन्हा म्हणून पाहत. निरोप समारंभाच्या दिवशी भाषणात त्यांनी आमचे आडनाव उच्चारले. अगदी बिनचूक नव्हते; पण जीभ टाळूकडे वळवण्याची त्यांची धडपड शेवटच्या रांगेतही दिसली असेल. त्या क्षणी आम्हाला प्रथम जाणवले की आम्हाला हवा होता तो ध्वनी नव्हेच, ही धडपड हवी होती. आणि ती आम्ही त्यांना अकरा वर्षांत एकदाही दिली नव्हती.

याहून जड गोष्ट नोकरीच्या पहिल्या वर्षांतली आहे. १९८८ च्या सुमारास बुंदेलखंडातल्या एका तहसिलीत निराश्रित वृद्धांच्या पेन्शनच्या याद्या आमच्या सहीने जात. पटवाऱ्याने आणलेली यादी म्हणजे अशुद्धाचे आगर. आम्ही लाल शाई घेऊन ती ‘सुधारत’ असू. त्या बोलीत संस्कृतातला व पुष्कळदा ब होतो. आम्ही तो पुन्हा व करीत असू, आणि त्यात एक प्रकारचे सांस्कृतिक कार्य केल्याचे समाधानही मिळवीत असू. एका म्हातारीच्या नावातल्या ब चा असाच व केला. तिच्या रेशनकार्डावर ब होता. यादीतली बाई आणि कार्डावरची बाई एक नव्हे, असे कोणीतरी शेऱ्यात लिहिले आणि तिचे पैसे थांबले. चार महिने थांबले. शेवटी नातवाचा हात धरून ती अकरा मैल चालत तहसिलीत आली. चूक कोणाची हे तिला ठाऊक नव्हते. तिला वाचताच येत नव्हते. आम्ही तिला समजावून सांगितले की सरकारी कागदात नाव असे झाले आहे, दुरुस्तीला वेळ लागेल. तिने ते दुरुस्त नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले आणि अगदी सरळपणे विचारले, ‘‘मग आता घरीही हेच नाव सांगायचं का? नातवाला तसं सांगून ठेवते.’’

त्यात उपरोध नव्हता. असता तर बरे झाले असते. साहेबाला आपले नाव अधिक ठाऊक असणार, असे तिला मनापासून वाटत होते. लाल शाईची ती रेघ आमचीच होती, हे आम्ही तिला सांगितले नाही. दुरुस्ती मात्र त्याच दिवशी करून घेतली. तिचे चार महिने कसे गेले असतील याचा विचार करण्याइतके आमचे वय तेव्हा नव्हते, असे म्हणता येईल. पण तीस हे काही फार कोवळे वय नव्हे.

तेव्हा नावाचा ध्वनी कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाचे उत्तर ‘ज्याचे नाव त्याच्या’ असे देऊन भागत नाही. म्हातारी आपली मालकी एका दमात सोडायला तयार होती. ज्याच्या हातात शाई आहे त्याची पसंती शुद्धलेखन ठरते आणि ज्याच्या हातात नाही त्याची पसंती अशुद्ध. आमच्या पत्रिकेच्या बाबतीत शाई छापखान्यातल्या मुलाच्या हातात होती. पण पैसे आमच्या, म्हणजे भावाच्या, हातात असल्यामुळे आम्ही जिंकलो. जुळणी करणाऱ्याला त्या ळ-पायी पुन्हा रात्रभर बसावे लागले, हे नंतर कळले. त्याचे नाव काय, हे आम्ही विचारले नव्हते.

हे सारे लिहून झाल्यावर सौभाग्यवतीला वाचून दाखवले. आमच्या लेखनाची ती पहिली श्रोती, आणि बहुधा कठोर. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘सगळं आलं. माझं राहिलं.’’

आमचे लग्न १९८६ साली झाले. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे लग्नात वधूचे नाव बदलायचे होते. ताटात तांदूळ पसरून वराने अंगठीने नवे नाव लिहायचे. तिचे माहेरचे नाव आम्हाला कानाला जड वाटले होते. त्यात दोन जोडाक्षरे होती आणि ते आमच्या आडनावाच्या आधी उच्चारताना जीभ अडखळे. आम्ही त्या दिवसांत वाचलेल्या एका कादंबरीतल्या नायिकेचे नाव निवडले : तीन अक्षरी, आकारान्त, मध्ये अंतस्थ. स्त्रियांची नावे सुखाने उच्चारता येतील अशी, मृदू आणि दीर्घान्त असावीत, असे मनूने म्हटले आहे. आमची निवड त्या कसोटीला तंतोतंत उतरली असती. तिला विचारले नव्हते. विचारायचे असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आणि तिलाही नसावे. सोळा संस्कारांच्या गडबडीत कोणाच्याही ते लक्षात आले नाही, आणि मंडळींनी नवे नाव फार गोड आहे म्हणून टाळ्याही वाजवल्या. हर्मोजेनिसचा दाखला वाचताना आम्ही कोठे थांबलो होतो, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल.

‘‘तुमचा एक ळ गेला तर तीनशे पत्रिका पुन्हा छापल्या,’’ ती म्हणाली. रागाने नव्हे; हिशेब सांगावा तशी. आम्ही म्हणालो, तू कधी तक्रार केली नाहीस. त्यावर ती म्हणाली, पहिली दोन वर्षे नव्या नावाने हाक आली की तिला शेजारच्या खोलीत कोणीतरी दुसरी बाई आहे असे वाटे. मग ती बाई सवयीची झाली. आमच्या आईने रेशनकार्डावरच्या बाईशी केला तसाच काहीसा हा समझोता. दोघींनी तो एकाच स्वयंपाकघरात केला आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आईचा समझोता आम्ही वर कौतुकाने सांगितला आहे. तो परिच्छेद आता तितका हलका वाटत नाही, पण खोडलेला नाही.

तिचे ते मूळ नाव येथे लिहावे, असे मनात होते. परवानगी मागितली, मिळाली नाही. माहेरची माणसे आता एकेक करून गेली. अकोल्याची थोरली बहीण तेवढी आहे. ती दर रविवारी फोन करते. फोनमधून त्या नावाची पहिली हाक आम्हालाही ऐकू येते, आणि ते ऐकल्यावर तिचा आवाज किंचित बदलतो, हे चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही आता प्रथमच ऐकले.

या बोलण्यानंतर चार-पाच दिवसांनी, ती स्वयंपाकघरात असताना, आम्ही बाहेरच्या खोलीतून तिला त्या नावाने हाक मारून पाहिली. दोन्ही जोडाक्षरे नीट उच्चारली; मनात आधी घोकली होती. आतून भांड्यांचा आवाज थांबला. मग ती हात पुसत दारापर्यंत आली, आमच्या पलीकडे व्हरांड्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘अकोल्याहून कोणी आलंय का?’’